डावखुऱ्याचा बाप

एडमंटन, ९ मार्च २०२५

ऋचाचा हुकूम आहे की मी रोज थोडं तरी लिहावं. फोनवर म्हणाली, "बाबा, घडलं ते त्याच दिवशी उतरवून ठेवत जा, म्हणजे काय विसरताय ते तरी कळेल." ती तिकडे बर्नाबीत बसून माझ्या मेंदूची काळजी करते. तिला दोष देत नाही. काळजी मलाही आहे.

झालं असं. गुडघा बदलून तीन आठवडे झाले. दुखण्यावर ज्या गोळ्या दिल्यात त्या मॉर्फिनच्या घराण्यातल्या, त्यामुळे मोजून मिळतात. परवा बाटली उघडली तर तळाशी दोनच. फार्मसीतल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, अजून बरेच दिवस पुरायला हव्या होत्या, तुम्ही चुकून दोन-दोनदा घेत असाल. मी म्हटलं, शक्य नाही. पण म्हणताना माझाच आवाज मला पोकळ वाटला. सगळी नोकरी शहराच्या पाण्याच्या पाइपांतल्या गळत्या शोधण्यात गेली, आणि आता गळती माझ्याच डोक्यात.

आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मी नागपूरला गेलो की ती शेजारच्या बाईंना सांगायची, "पाहुणे आलेत, त्यांना सरबत द्या." मी तिच्यासमोर बसून ते सरबत प्यायचो.

ऋषी घरात आहे म्हणून बरं. ऑक्टोबरपासून खाली बेसमेंटमध्ये राहतो. खांदा संपला, संघाने सोडलं, लग्न मोडलं, सगळं एकाच वर्षात. अख्खं शहर त्याला लेजंड म्हणतं. मला मात्र दिवसभर पडदे ओढून पडलेला एकोणचाळीस वर्षांचा मुलगा दिसतो. त्याची आई, उमा, असती तर तिने त्याला बोलतं केलं असतं. मी आणि तो फक्त बर्फावर आणि विंटर टायर्सवर बोलतो.

१३ मार्च

गोळ्यांची बाटली ऋषीने स्वतःकडे घेतली. "बाबा, आय विल हँडल इट. तुम्ही फक्त मला मागा." आता सकाळ-संध्याकाळ तोच हातावर गोळी ठेवतो आणि पाण्याचा ग्लास धरून उभा राहतो. लहानपणी त्याला खोकल्याचं औषध द्यायला मी असाच उभा राहायचो. डोळे भरून आले, पण दाखवलं नाही.

नव्या गोळ्या पांढऱ्या आणि जरा मोठ्या आहेत. कंपनी बदलली, म्हणाला. गुणही कमी वाटतो. जिना चढताना जीव जातो. फिजिओवाली बाई म्हणते, एव्हाना इतकं दुखायला नको. या वयात हाडंही विसरत असतील भरून यायचं.

२१ मार्च

आज फार दिवसांनी घरात चांगली बातमी आली. नदीकाठच्या मैदानावरचा जो क्लब, जिथे ऋषी पहिल्यांदा खेळला, त्यांच्या मॅनेजरचा फोन होता. बारा जुलैला ऋषीचा सतरा नंबर कायमचा राखून ठेवणार. म्हणजे यापुढे त्या क्लबात सतरा नंबरचा शर्ट कुणालाही मिळणार नाही. ऋषीने यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मॅचचा पहिला चेंडू त्याच्या हातून टाकायचा.

मी दुपारभर खुर्चीत बसून सगळं आठवत होतो. हे कसं स्वच्छ आठवतं! आमच्या गॅरेजच्या दारावर तो बर्फाचे गोळे मारायचा, सगळे एकाच जागी. डाव्या हाताने. आई इथे आली होती तेव्हा जेवताना त्याच्या डाव्या हातावर चापट मारायची. उमा म्हणायची, "राहू द्या हो आई, ज्या हाताने देवाने दिलंय त्याच हाताने घेईल." पुढे शाळेच्या कोचने मला समजावलं की बेसबॉलमध्ये डावखुरा पिचर म्हणजे सोनं, चेंडू उलट्या अंगाने येतो आणि समोरच्या बॅटरला त्याची सवयच नसते. मी क्रिकेटवाला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. उमा आधी शिकली, मग तिने मला शिकवलं.

खानझोडे हे आडनाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्याचं 'झोडी' केलं. बँकेतसुद्धा आमचं स्पेलिंग चुकायचं, त्याच गावात हजारो माणसं उभी राहून "झो-डी, झो-डी" ओरडायची. मग अमेरिकेतल्या मोठ्या लीगने उचललं. अकरा हंगाम खेळला. आणि सप्टेंबरातली ती मॅच! नऊ इनिंग्ज त्याने एकट्याने टाकल्या आणि समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. असं भल्याभल्यांना जन्मात साधत नाही. उमा आणि मी प्रेक्षकांत होतो. शेवटच्या इनिंगला तिने डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. शेवटचा बॅटर हवेत बॅट फिरवून गेला, सगळा संघ धावत आला, ऋषीला खांद्यावर उचललं, आणि याच्या चेहऱ्यावर काही नाही. रेषसुद्धा हलली नाही. मी उमाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात स्थितप्रज्ञ." ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे.

संध्याकाळी ऋषीला फोनचं सांगितलं. म्हणाला, "आय डोंट वाँट टू गो." मी म्हटलं, आईसाठी तरी जा. खूप वेळ नखं कुरतडत बसला, मग म्हणाला, "ओके बाबा."

३ एप्रिल

उमाच्या पाटल्या सापडत नाहीत.

मागच्या महिन्यात बँकेच्या लॉकरमधून मीच घरी आणल्या होत्या. ऋचाच्या ऊर्मीला यंदा द्यायच्या होत्या, तिची बारावी झाली की. कपाटात साड्यांखाली लाल पिशवीत ठेवल्याचं मला आठवतं. म्हणजे मला वाटतं की आठवतं. पिशवी आहे, पाटल्या नाहीत.

ऋषीने दुपारभर माझ्याबरोबर शोधलं. कपाट रिकामं केलं, पलंगाखाली टॉर्च मारला, उमाच्या जुन्या पर्सेस झटकल्या. घामाने निथळत होता बिचारा, हात थरथरत होते. सर्दी झालीय, सारखं नाक ओढतो आणि जांभया देतो. मी म्हटलं, पुरे आता, आजारी पडशील. तो जमिनीवरच बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मेबी तुम्ही दुसरीकडे कुठे ठेवल्या असतील. अँड यू फरगॉट."

ऋचाला फोन केला. ती रडायला लागली. पाटल्यांसाठी नव्हे, ते मला कळलं. तिने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीच आहे.

फोननंतर ऋषी तासभर बाहेर फिरून आला. रस्त्याच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी गाडीशी उभा राहून बोलत होता. आल्यावर शांत झाला होता. जेवताना बसल्या बसल्या डुलकी लागली त्याला, हातात घास तसाच. किती दमतो माझ्यापायी.

११ एप्रिल

डॉक्टरकडे गेलो. ऋषीनेच नेलं आणि शेजारच्या खुर्चीत बसला. डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणारी. घड्याळ काढायला सांगितलं, ते काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, तेही केलं. पाच शब्द सांगितले आणि म्हणाली, थोड्या वेळाने विचारीन. शिडी, मिरी, बंदर, शाल, तांबं. घरी आल्यावर पाचही आठवतायत! तिथे मात्र तीनच आले. मी ऋषीकडे पाहिलं, त्याने खाली पाहिलं. छातीत असं धडधडायला लागलं की शब्दच काय, स्वतःचं नावही चुकलो असतो.

बाई म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरत नाही, तज्ज्ञांकडे पाठवते. तोवर गाडी चालवू नका.

पार्किंगमध्ये मी किल्ल्या काढून ऋषीच्या हातावर ठेवल्या. पन्नास वर्षं या बर्फात गाडी चालवली, एकदाही घसरली नाही. तो किल्ल्या धरून उभा राहिला, गाडीचं दार उघडेना. मी विचारलं, काय झालं रे? "नथिंग, बाबा. सॉरी." त्याने कशाला सॉरी म्हणायचं?

२० एप्रिल

वाईट दिवस. गुडघा ठणकतोय. सकाळपासून कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या आमच्या मजल्यावरच्या पोरांची नावं खोलीप्रमाणे आठवत बसलो. सगळी आली. मग भीती वाटली की ती खरी आहेत की मी रचतोय? विचारायचं कुणाला? निम्मे गेले.

आईसारखं होण्याआधी मी गेलेलो बरा. हे ऋचाला सांगायचं नाही.

५ मे

विश्वनाथशी भांडण झालं. कॉलेजपासूनचा मित्र, इथेही माझ्यामागून वर्षभरात आला, युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झाला. उमाच्या वेळी तो नसता तर मी उभा राहिलो नसतो.

दुपारी आला. आम्ही बुद्धिबळ मांडलं. त्याला दोनदा हरवलं. पट मिटताना म्हणाला, "शशी, तुला काहीही झालेलं नाही. सरळ सोळा खेळ्या पुढचं बघतोयस आणि म्हणे विसरतोस."

मी म्हटलं, "मग गोळ्या? पाटल्या?"

त्याने पट बाजूला ठेवला. मग विचारलं, "ऋषी कसा आहे?"

"त्याचं काय?"

"मंडळात पाडव्याला आणलं होतंस तेव्हा पाहिलं मी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या त्याच्या. दिवसभर करतो काय? कुणाला भेटतो?"

माझा तोल गेला. म्हटलं, "तुझा नंदन तीन वर्षं फोन करत नाही, म्हणून माझा मुलगा माझी सेवा करतोय ते तुला बघवत नाही." बोलू नये ते बोललो. विश्वनाथने कोट घातला, बूट घालायला त्याला वाकता येत नाही म्हणून नेहमी मी मदत करतो, आज केली नाही. लेस तशाच सोडून गेला.

ऋषी जिन्यावर उभा होता. सगळं ऐकलं असावं. वर येऊन त्याने चहा केला.

१८ मे

ऋचा आली आहे. चार दिवस राहणार. येताना घर विकणाऱ्या एजंटचा नंबर आणि दोन सीनियर होम्सची माहितीपत्रकं घेऊनच आली. जेवणं झाल्यावर टेबलावर मांडली.

"बाबा, सेफ्टीचा प्रश्न आहे. उद्या गॅस चालू राहिला तर? ऋषी काय जन्मभर इथे राहणार आहे का?"

मी ऋषीकडे पाहिलं. वाटलं, म्हणेल, मी आहे ना. तो ताटातल्या वरणात बोट फिरवत होता.

ऋचा म्हणाली, "तू सांग ना त्यांना. तू रोज बघतोस."

तो मान वर न करता म्हणाला, "हो. ही फरगेट्स." आणि लगेच उठला, खुर्ची मागे पडली. "पण आत्ता नको. जुलैनंतर बघू. प्लीज, दीदी." आणि खाली निघून गेला.

किती जीव आहे त्याचा या घरावर. ऋचाला ते कळत नाही. पण ती म्हणते तेही खरं. मी म्हटलं, ठीक आहे, जुलैनंतर विका. उमा या घरात गेली, मलाही इथेच जायचं होतं. तो हट्ट धरायला स्वतःच्या डोक्यावर भरवसा तरी पाहिजे.

८ जून

हे परवाचं आहे. काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

शुक्रवारी दुपारी ऋषी वरच्या वॉशरूममध्ये गेला. नळ चालू होता. मी बातम्या बघत होतो. बातम्या संपल्या तरी नळ चालूच. हाक मारली. दार वाजवलं. पुन्हा हाक मारली. ते कुलूप बाहेरून नाण्याने फिरवता येतं, पोरं लहान असताना मीच बसवलेलं. नाणं दोनदा हातातून पडलं.

तो टबाला टेकून बसल्यासारखा होता, मान छातीवर. ओठ जांभळे. मी त्याचं नाव घेतलं, गालावर मारलं, त्याने डोळे उघडले नाहीत. छाती हलत नव्हती. मी नऊ-एक-एकला फोन केला आणि स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला. त्या बाईचा आवाज अजून कानात आहे. "सर, त्याला पाठीवर झोपवा. मान मागे करा. नाक बंद करा, तोंडात हवा भरा. मी तुमच्याबरोबर आहे." नवा गुडघा टाइलवर टेकवला तेव्हा काय झालं ते आठवत नाही. माझ्याहून हातभर उंच माणूस मी कसा ओढला तेही नाही. हवा भरत राहिलो. बाई मोजत राहिली. मध्ये एकदा मी थांबून ओरडलो, "ऋषी, आई येईल आता, ऊठ!" असं का म्हटलं कोण जाणे.

अँब्युलन्सवाले बूट घालूनच आत धावत आले. एकाने विचारलं, "काय घेतलंय याने?"

मी म्हटलं, "काही नाही. तो खेळाडू आहे."

त्याने ऋषीच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. तसं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, इतक्या दयेने. नाकात नशेवरच्या उताऱ्याचा फवारा मारला. काही झालं नाही. दुसरा मारला. तेव्हा माझ्या मुलाने श्वास घेतला, बुडालेला माणूस वर येताना घेतो तसा, जोरात. डोळे उघडले आणि पहिल्यांदा त्यांना शिवी दिली. शिवी ऐकून मी भिंतीला टेकलो आणि रडलो.

वॉशबेसिनवर जेवण गुंडाळायच्या चंदेरी फॉइलची एक जळून काळी पडलेली पट्टी होती. पोलीस घेऊन गेले.

९ जून

ऋषी बोलला.

एलआरटी ट्रेनने हॉस्पिटलला गेलो. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. मी आत गेल्यावरही वळला नाही. तसाच म्हणाला, मराठीत, "बाबा, तुम्ही काहीच विसरला नाहीत."

मला कळलं नाही.

"गोळ्या मी घेतल्या. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला देत होतो त्या साध्या डोकेदुखीच्या टायलेनॉल होत्या. पाटल्या मी विकल्या. सगळं मी केलं. यू नेव्हर फरगॉट एनिथिंग."

इथे मला खरं लिहायचं आहे, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. माझा मुलगा तिथे नळ्या लावून पडला होता, आणि मला आनंद झाला. अंगभर. जन्मठेपेतून सुटल्यासारखा. मी आईसारखा होणार नाही! मग त्याच्या पाठीकडे लक्ष गेलं. गाऊनच्या फटीतून मणके दिसत होते. स्वतःची अशी किळस मला कधी आली नव्हती.

मी विचारलं, कधीपासून?

"खांद्याच्या पहिल्या ऑपरेशनपासून. पेन मॅनेजमेंट. मग त्या गोळ्या मिळेनात, तेव्हा दुसऱ्या. मग रस्त्यावरच्या."

"पण ती सप्टेंबरची मॅच तर त्यानंतरची."

"त्या मॅचला मला हात जाणवतच नव्हता, बाबा. काहीच जाणवत नव्हतं. लोक ओरडत होते आणि मी विचार करत होतो, पुढची गोळी लॉकरमध्ये आहे की गाडीत."

आणि मी उमाला म्हटलं होतं, स्थितप्रज्ञ.

मग मी तो प्रश्न विचारला. "डॉक्टरीणबाईंसमोर मला दोन शब्द आठवले नाहीत, तेव्हा तू शेजारी होतास. तुला काय वाटलं?"

तो वळला. डोळे कोरडे होते. "खरं सांगू?"

"सांग."

"मला भीती होती तुम्ही पास व्हाल. मग सगळे विचारतील, गोळ्या कुठे गेल्या? तुम्ही चुकलात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

मी उठलो आणि निघून आलो.

१० जून

आज सकाळी हॉस्पिटलला गेलो नाही. घरात येरझारा घातल्या. तीन महिने मी माझ्या डोक्याच्या नावाने रडत होतो आणि हा पाण्याचा ग्लास धरून समोर उभा होता. मी चहाचा कप भिंतीवर फेकला. उमाच्या सेटमधला. मग तुकडे वेचले.

दुपारी विश्वनाथला फोन लावला. त्याने उचलला, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तो म्हणाला, "थांब. येतोय." आल्यावर मी काही सांगायच्या आधीच त्याने स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली. मी सगळं सांगितलं. तो एकदाही म्हणाला नाही, मी सांगितलं होतं.

"चल," तो म्हणाला, "आता जाऊ."

"मला त्याचं तोंड बघायचं नाही."

"नको बघूस. बाहेर बस. पण तू आलायस हे त्याला कळू दे."

गेलो. बाहेरच बसलो.

१४ जून

शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळाली, मंगळवारी जायचं आहे. तोवर घरी. मी त्याला एकच अट घातली, ऋचाला तू सांगायचं. मी सांगणार नाही. मला वेडा ठरवायला तू एका शब्दात तयार झालास, आता शहाणा ठरवायलाही तूच बोल.

फोन स्पीकरवर होता. त्याने इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं, एका दमात.  मग ऋचा मराठीत ओरडली, तिच्या आईसारख्या आवाजात. "मी बाबांना होममध्ये टाकायला निघाले होते! तू माझ्याकडून ते करून घेत होतास! आईच्या पाटल्या, ऋषी?" तो "येस" म्हणाला. प्रत्येक गोष्टीला नुसतं "येस." मग ती मला म्हणाली, "बाबा, मला माफ करा," आणि फोन ठेवला.

क्लबच्या मॅनेजरला मीच फोन केला. बारा जुलैला ऋषी येऊ शकणार नाही, आजारी आहे. तो म्हणाला, खांदा का? माझ्या तोंडात 'हो' आला होता. गिळला. म्हटलं, "नाही. व्यसन. मरता मरता वाचला."  मग तो म्हणाला, "मिस्टर खानझोडे, माझा भाऊ नाही वाचला." कार्यक्रम पुढे ढकलतो म्हणाला, तारीख न सांगता.

२२ जून

पहिली भेट. विश्वनाथने गाडी चालवली आणि बाहेर थांबला.

ऋषी ओळखू येत नव्हता. अंगावर काटा, ओठ फुटलेले, पाय सारखे हलत होते. मी बसायच्या आधीच म्हणाला, "मला घरी न्या."

मी म्हटलं, अजून आठवडासुद्धा झाला नाही.

"मी घरी करतो ना सगळं. तुम्ही दाराला कुलूप लावा. प्लीज, बाबा. इथे मी मरेन." रडायला लागला. मग आवाज बदलला, थंड झाला. "तुम्हाला सूड घ्यायचाय माझ्यावर." पुन्हा रडला. माझे हात धरले. त्याचा डावा हात माझ्या हातात होता, तो जगप्रसिद्ध हात, आणि तो पानासारखा लटपटत होता. "तुम्ही मला कधीच नाही म्हणाला नाहीत, बाबा. कधीच."

हे खरं आहे. नाही म्हणायचं काम उमा करायची.

मी म्हटलं, "नाही."

हात सोडवून घेतला. दारापर्यंत त्याच्या हाका येत होत्या. तिथल्या एका बाईने माझ्यासाठी दार उघडून धरलं. गाडीत बसल्यावर विश्वनाथला म्हटलं, चल लवकर, नाहीतर मी परत आत जाईन. त्याने इतक्या वेगाने गाडी काढली की त्या वयाच्या माणसाला शोभणार नाही.

संध्याकाळपासून फोन समोर ठेवून बसलो आहे. तो निघून गेला तर केंद्राने कळवायचं असं ठरलं आहे.

२३ जून

फोन आला नाही.

६ जुलै

मागच्या रविवारी तो भेटायला बाहेरच आला नाही. आज आला, दहा मिनिटं बसला. ऊर्मीचं विचारलं. बाकी काही नाही.

१३ जुलै

आज एकटाच गेलो. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला पुन्हा परवानगी दिली आहे. हायवेवर दोन्ही बाजूंना मोहरीसारखं पिवळं कनोला फुललं होतं. उमा प्रत्येक वर्षी गाडी थांबवायला लावायची. मी थांबलो नाही, भेटीची वेळ चुकली असती.

ऋषी मागच्या बाजूच्या बाकावर बसला होता. केस कापलेले. बोटाला पट्टी. तिथे सगळ्यांना आळीपाळीने स्वयंपाकघरात काम असतं, बटाटे सोलताना कापलं म्हणाला.

मी शेजारी बसलो. तो गवताकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा, माझा रूममेट गेला."

रूममेट म्हणजे फोर्ट मॅकमरीचा एक वेल्डर, पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप. मी त्याला एकदा पाहिलं होतं, लांबून हात केला होता त्याने.

"गेला म्हणजे घरी?"

"बुधवारी निघून गेला. शुक्रवारी कळलं. मोटेलमध्ये सापडला."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मणके अजून लागत होते, पण कमी.

"मी पण जाणार होतो त्याच्याबरोबर," तो म्हणाला. "बॅग भरली होती. तो म्हणाला, कमॉन झोडी, राइड आहे."

"मग?"

"मग काय. जेवण लावायची पाळी माझी होती. म्हटलं, तेवढं करतो आणि निघतो. वर आलो तर तो थांबला नव्हता." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दॅट्स इट. दॅट्स द ओन्ली रीझन. मी काही स्ट्राँग वगैरे नाही, बाबा. तुम्ही कुणाला तसं सांगू नका."

मी म्हटलं, नाही सांगणार.

 तो रडत होता आणि मी बसलो होतो. रागाचं म्हणाल तर तो गेलेला नाही. अधूनमधून छातीत येतो, गरम, आणि मी तो येऊ देतो. पण आज त्या बाकावरून उठून जावंसं एकदाही वाटलं नाही.

वेळ संपल्याचं सांगायला ती दारवाली बाई आली. ऋषीने बाहीने तोंड पुसलं.

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येतो."

तो म्हणाला, "असेन मी, बहुतेक."

"बहुतेक तर बहुतेक," मी म्हटलं. "मी येतो."